छीपाओ कुठून आला, आणि तुमचा काखेत का आवळतो

सिंगापूरला चिनी वंशाच्या मैत्रिणीचं लग्न आहे. तिच्या आईने प्रेमाने सांगितलंय, "आमच्यासारखा पोशाख घालून ये." म्हणून तुम्ही ऑनलाइन लाल जरीचा 'चायनीज ड्रेस' मागवलात. तो काखेत आवळतो, गळ्याला टोचतो आणि खुर्चीत बसलं की मांडीपर्यंत उघडा पडतो. विकणाऱ्याने खाली लिहिलंय, 'पाच हजार वर्षांची परंपरा'. तुमचा प्रश्न असा, की पाच हजार वर्षं बायकांनी हे सहन केलं तरी कसं, आणि या पोशाखात एवढं आहे तरी काय?

सहन केलंच नाही. हा पोशाख जेमतेम शंभर वर्षांचा आहे, तुमच्या पणजीच्या वयाचा म्हणा. ज्यांनी तो रोज घातला त्या बायका तो घालून ट्राममध्ये चढल्या, वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिल्या, पोर कडेवर घेऊन बाजारात गेल्या. तुमच्याकडे आलाय तो त्याचा फोटो बघून कारखान्यात शिवलेला कपडा.

मी ब्लाउज-ड्रेस शिवणारी बाई. दादरला तीस वर्षं हेच करतेय. मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे १९९८ ते २००६ हाँगकाँगला होते. तिथे कौलूनमध्ये एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारे शांघायी शिंपी बसायचे. सगळे त्यांना 'सीफू' म्हणत, म्हणजे आपले मास्तर. मी शिकायला गेले तर पहिले सहा महिने त्यांनी मला फक्त उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावरच्या, पट्ट्या कापायला बसवलं. तेव्हा खाली इतिहासाचं जे लिहितेय ते वाचून, ऐकून आणि जुने कपडे उसवून कळलेलं आहे. शिवणीचं मात्र बोटांना माहीत आहे.

आधी नाव. इंग्रजी अक्षरं बघून 'किपाओ' म्हणू नका, छीपाओ म्हणा. 'छी' म्हणजे निशाण आणि 'पाओ' म्हणजे लांब झगा. निशाणवाल्यांचा झगा. हे निशाणवाले म्हणजे मांचू, चीनच्या ईशान्येकडचे लोक. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा सरदार नुरहाची याने मांचूंची आठ निशाणांखाली बांधणी केली. नुसती फौज नव्हे, बायका-पोरांसकट सगळा कबिला कुठल्या तरी निशाणाखाली मोजला जायचा. १६४४ मध्ये याच लोकांनी बीजिंग घेतलं आणि छिंग घराणं १९१२ पर्यंत राज्यावर राहिलं. हाँगकाँगमध्ये याच पोशाखाला 'चेउंगसाम' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ 'लांब अंगरखा'. पोशाख एकच. नावं दोन झाली ती मँडरिन आणि कँटोनीज अशा दोन बोलींमुळे.

मात्र मांचू बायकांचा तो मूळ झगा तुम्ही पाहिलात तर ओळखणार नाही. घोड्यावर मांड टाकणाऱ्या लोकांचा कपडा तो. खांद्यापासून घोट्यापर्यंत सरळ, सैल, खाली विजार, बाजूला कट असलेच तर रिकिबीत पाय टाकता यावा म्हणून. कंबर कुठे, छाती कुठे, काही कळायचं नाही. आणि चीनमध्ये बहुसंख्य असलेल्या हान बायका तर हा झगा घालतच नव्हत्या. मांचूंनी १६४५ मध्ये हान पुरुषांवर डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी ठेवायची सक्ती केली, कपडेही बदलायला लावले. बायकांना मात्र त्यांच्या जुन्या वळणावर राहू दिलं. वर गुडघ्यापर्यंतचा सैल डगला आणि खाली घागरा किंवा विजार, असे दोन तुकडे म्हणजे बाई, आणि एकसंध लांब झगा म्हणजे पुरुष, हा हिशेब हान घरांत पक्का होता.

याचा एक पुरावा आपल्या मुंबईतच आहे. एखाद्या पारशी मैत्रिणीकडे आजेसासूची गारा साडी असेल तर बघायला मागा. एकोणिसाव्या शतकात अफू आणि कापसाच्या व्यापारासाठी कँटनला जाणाऱ्या पारशांनी तिथून हे भरतकाम आणलं. त्यात 'चीना-चीनी' नावाचा एक नमुना असतो: पूल, पॅगोडा, छत्र्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारी चिनी बायका-माणसं. मी एकदा अशा साडीचा काठ दुरुस्तीला घेतला होता आणि भिंग लावून एकेक बाई पाहिली. सगळ्या ढगळ डगल्यात, रुंद बाह्यांत. अंगाबरोबर बसलेला छीपाओ एकीच्याही अंगावर नाही. कुठून असणार? तो जन्माला यायला अजून काही दशकं होती.

मग गंमत बघा. मांचूंचं राज्य गेलं, वेण्या कापल्या गेल्या, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत शांघायच्या हान मुली लांब झगा घालायला लागल्या. का, यावर दोन मतं आहेत. एक मत सांगतं की मांचू झगाच हळूहळू बदलत गेला. दुसरं मत असं, की शिकणाऱ्या मुलींनी पुरुषांचा, विशेषतः मास्तर-पंडितांचा, लांब अंगरखा उचलला. दोन तुकड्यांत वावरणाऱ्या बाईने एकसंध झगा घालणं म्हणजे 'आम्हीही तुमच्याच बरोबरीच्या' हे न बोलता सांगणं होतं. माझं झुकतं माप दुसऱ्याकडे आहे, आणि कारण शिंपणीचं आहे. १९२० च्या दशकातल्या छीपाओची बेतणी पुरुषांच्या अंगरख्याशी जुळते, बाह्यासुद्धा अंगातच कापलेल्या. अर्थात पुरुषांचा तो अंगरखाही मांचू झग्याचाच वंशज, त्यामुळे दोन्ही मतांना शेवटी आजी एकच.

सुरुवातीचा छीपाओ घंटेसारख्या बाह्यांचा आणि ढगळ होता. अंगाबरोबर तो आला नाही याचं एक कारण कपड्यात नव्हतंच. त्या काळी तरुण मुली आत घट्ट बंडी घालून छाती आवळून सपाट करत. १९२७ मध्ये क्वांगतुंग प्रांताच्या सरकारने छाती आवळण्यावर बंदी घातली, शहरांतल्या वर्तमानपत्रांत त्यावर बरीच चर्चा झाली आणि बंडी मागे पडत गेली. शरीराचा आकार परत आला, मग शिंप्यांना तो हाताळावा लागला. वेशभूषेच्या इतिहासात या बंडीबद्दल दोन ओळी असतात. माझ्या मते तिच्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

१९२९ मध्ये चीनच्या तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारने, राजधानी नानजिंगहून, कपड्यांचा कायदाच केला. बायकांच्या समारंभी पोशाखाचे दोन प्रकार ठरले: डगला आणि घागरा, किंवा लांब झगा. झग्याचं वर्णन शिंप्याला बेतायला दिल्यासारखं आहे: उभी कॉलर, उजवीकडे बंद होणारा पुढा, लांबी गुडघा आणि घोटा यांच्या मध्यापर्यंत, रंग निळा, बटणं सहा. कायद्याने 'सहा बटणं' म्हटलं आणि शांघायच्या बायकांनी ते वाचून बाजूला ठेवलं.

पुढची दहा वर्षं म्हणजे घेराच्या काठाचा खो-खो. १९३० च्या आसपास पाश्चात्त्य आखूड फ्रॉकच्या नादाने काठ गुडघ्यापर्यंत वर गेला. १९३४-३५ पर्यंत तो इतका खाली आला की जमीन झाडायला लागला. 'झाडू छीपाओ' असंच नाव पडलं. मग युद्ध आलं, कापड महागलं, काठ पुन्हा वर, बाह्या गायब. कॉलर कधी हनुवटीला टेकणारी, अगदी उन्हाळ्यातसुद्धा, तर कधी नुसती बोटभर. कट एका वर्षी मांडीवर, पुढच्या वर्षी पिंढरीवर. १९३४ मध्ये त्या सरकारचे नेते च्यांग काय-शेक यांची नवजीवन चळवळ सुरू झाली, तेव्हा सरकारी लोकांचं लक्षही बाह्यांच्या लांबीवर आणि कटाच्या उंचीवर गेलं. बायकांच्या कपड्यांची मापं ठरवायची हौस पुरुषांना कुठे नसते!

हे सगळं शांघायमध्येच का झालं? नानजिंग रोडवर सिन्सियर, विंग ऑन यांसारखी मोठी दुकानं १९१७-१८ पासून उभी होती. हाताशी हांगचौ-सूचौचं रेशीम आणि विलायती व्हॉइल, जॉर्जेट, मखमल, सगळं होतं. निंगपोकडचे शिंपी परकीयांचे सूट शिवून खांदा आणि छातीची कापणी शिकले होते. हू दिये, रुआन लिंग-यू अशा सिनेनट्या होत्या. आणि दिनदर्शिकांची चित्रं होती. सिगारेट, बॅटरी, साबण, काहीही विकायचं असो, चित्रात छीपाओतली बाई. त्यात एक जाहिरात इंडांथ्रीन या जर्मन निळ्या रंगाची असे. उन्हात न विटणारा, धुऊन न जाणारा रंग. त्या निळ्या सुती कापडाचा साधा छीपाओ शाळा-कॉलेजच्या मुलींचा आणि शिक्षिकांचा रोजचा वेष झाला. सगळ्यांना आठवतो रेशमी, ड्रॅगनवाला. प्रत्यक्षात जास्त घातला गेला तो हा निळा सुती.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. छीपाओ अंगाबरोबर बसतो तो कशामुळे?

तुमचं ब्लाउज कसं बसतं ते आठवा. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती काखेची गोलाई, वेगळा, बाही वेगळी, खांद्याला शिवण, छातीला टक्स. सपाट कापडाला गोलाई द्यायची तर चिमटे घ्यायचे, ही आपली, म्हणजे मूळची विलायती, रीत. जुन्या छीपाओत यातलं काहीच नाही. टक्स नाहीत, खांद्याला शिवण नाही, मुंढाच नाही. कापडाची आडवी-उभी घडी घालायची, खांद्याच्या घडीवर कापायचं नाही, बाही अंगातच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असेल तर पुढे-मागे मधोमध एक उभी शिवण येते, तेवढीच.

मग पुढा एकमेकांवर येणार कसा? गळ्यापासून काखेकडे तिरपी कात्री चालवली की दोन कडा समोरासमोर येतात. एकीवर एक चढायला कापडच शिल्लक राहत नाही. इथे सीफूंची खरी करामत. घडी घालतानाच ते कापड किंचित तिरकं सरकवायचे, इस्त्रीच्या वाफेने एका बाजूला ताणायचे आणि त्या तिरक्या कडेवर बोटभर जास्तीचं कापड काढायचे. या युक्तीचं चिनी नाव आहे 'थौ-चिन', म्हणजे 'पुढा चोरणं'. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे शिंप्याने कापड चोरलं की गिऱ्हाईक भांडायला येतं. ते हसून म्हणाले, "इथे नाही चोरलं तर येतं."

दुसरी गोष्ट इस्त्रीची. कंबरेला कापड आत जायला हवं, पोटावर आणि मागे भरायला हवं, आणि टक्स तर घ्यायचे नाहीत. म्हणून कंबरेच्या कडा ओलसर करून इस्त्रीने ताणायच्या आणि जिथे गोलाई हवी तिथे कडा आखडवायच्या. या ताणण्या-आखडण्याला 'क्वेइ-पा' म्हणतात. सीफूंची इस्त्री चार किलोच्या आसपासची होती, आणि ती ते कापडावर फिरवत नसत. टेकवत, थांबत, उचलत. मी घाई केली की म्हणायचे, "कापडाला हुकूम सोडू नको, समजूत घाल." माझा पहिला छीपाओ मी याच घाईत मातीमोल केला होता. पिस्ता रंगाचं रेशीम कंबरेला इतकं ताणलं की आडवा धागा सरकला, जाळी पडली. कापडाचे पैसे माझ्या हिशेबात धरले गेले आणि ते योग्यच होतं. असलं ताणणं खरं रेशीम, सूत, लोकर सहन करतात. पॉलिएस्टर ऐकत नाही, तापवलं की चमकतं आणि थंड झालं की पुन्हा जैसे थे. कारखान्याचा छीपाओ टक्स आणि चेनवर उभा असतो, त्याचं हे एक कारण.

काठाची पट्टी ही तिसरी कसोटी. पायपिंग आपणही करतो. पण तिथे कापडाच्या उलट्या बाजूला पातळ खळ लावून, हाडाच्या पट्टीने निपटून, वाळवून मग उरेब पट्ट्या कापतात, म्हणजे रेशीम सुरीच्या धारेसारखं कापलं जातं आणि वळताना पीळ पडत नाही. सगळ्यांत बारीक पट्टीचं नाव 'उदबत्ती पट्टी', कारण जाडी खरोखर उदबत्तीच्या काडीएवढी. कॉलर, तिरका पुढा, काख, बाजू, कट, खालचा घेर, असा तो दोरा न तुटता सबंध अंगाभोवती फिरतो. कटाच्या टोकाला जिथे दोन पट्ट्या भेटतात तिथे नख लावून बघा. तिथे गुठळी असेल तर शिंपी कच्चा.

आणि गाठींची बटणं. अशाच खळ दिलेल्या उरेब पट्टीची नळी हाताने शिवायची, तिची गाठ मारायची, चिमट्याने एकेक वेढा घट्ट करत घोळायचा. मिऱ्यापेक्षा थोडा मोठा टणक गोळा तयार होतो. त्याला 'चतुराचं डोकं' म्हणतात, चतुर म्हणजे तो पाण्यावर उडणारा किडा. समोर तशाच नळीचा फास. साधं बटण म्हणजे आडवी रेघ, शौकीन बटण म्हणजे आत तांब्याची तार घालून वळवलेलं शेवंतीचं फूल किंवा फुलपाखरू. गाठ जमायला मला तीन आठवडे लागले, फुलपाखरू मला अजूनही त्यांच्यासारखं जमत नाही. आज बहुतेक ठिकाणी ही बटणं नुसती शोभेची असतात. त्यांच्याखाली टिचबटणं आणि बगलेत चेन.

इतिहासाचा उरलेला भाग थोडक्यात सांगते, कारण तो दुःखाचा आहे आणि त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी सुंग मेइ-लिंग, म्हणजे मादाम च्यांग काय-शेक, अमेरिकी काँग्रेससमोर काळ्या छीपाओत उभ्या राहून जपानविरुद्धच्या युद्धात मदत मागत होत्या. तेव्हा जगासमोर तो चीनचा पोशाख होता. १९४९ मध्ये कम्युनिस्टांचं राज्य आल्यावर चीनच्या मुख्य भूमीवर त्याच्यावर लगेच बंदी आली असं नाही, पण कामगारांच्या राज्यात निळ्या-करड्या कोट-पँटीपुढे तो 'श्रीमंती थाट' ठरला. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिउ शाओ-छी यांच्या पत्नी वांग क्वांग-मेइ इंडोनेशियाच्या दौऱ्यावर छीपाओ घालून गेल्या होत्या. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, एप्रिल १९६७ मध्ये, बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांनी, त्यांना तोकडा झालेला छीपाओ बळजबरीने घालायला लावला, गळ्यात मोत्यांऐवजी पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घातली आणि हजारोंच्या जमावापुढे उभं केलं. त्या दिवसांत घरोघरी बायकांनी आपले छीपाओ जाळले, कापून पायपुसणी केली, गादीत शिवून लपवले. सीफूंच्या बहिणीने शांघायमध्ये आपल्या छीपाओचं अस्तर काढून मुलाच्या कोटाला लावलं होतं. ते एवढंच सांगायचे आणि पुन्हा सुई हातात घ्यायचे.

शांघायचे शिंपी १९४९ च्या आगेमागे मोठ्या संख्येने हाँगकाँगला आले आणि पोशाख त्यांच्याबरोबर आला. पन्नास आणि साठच्या दशकांत तिथल्या कचेऱ्यांत, बाजारात, महजाँग या सोंगट्यांच्या खेळाच्या टेबलाभोवती हाच वेष होता. बदलला तोही तिथेच. पाश्चात्त्य कापणीतले टक्स, खांद्याची शिवण, वेगळी बाही आणि चेन आली, कंबर घट्ट झाली. आज जगाला माहीत असलेला वाळूच्या घड्याळासारखा आकार हा या हाँगकाँगच्या छीपाओचा. शांघायचा त्या मानाने पेन्सिलीसारखा सरळ असायचा. साठच्या दशकाच्या शेवटी तयार कपडे स्वस्त झाले, शिंप्याची मजुरी वाढली आणि छीपाओ लग्नातल्या सासूबाई आणि हॉटेलातल्या वाढपी मुली यांच्यापुरता उरला. अपवाद काही मुलींच्या शाळांचा. ट्रू लाइट किंवा सेंट स्टीफन्ससारख्या शाळांचा गणवेश आजही छीपाओच आहे. सकाळी दप्तर पाठीला लावून त्या मुली बसमागे पळताना पाहिल्या की 'हा पोशाख घालून चालता येत नाही' म्हणणाऱ्याचं तोंड बंद होतं.

मी तिथे असताना, २००० मध्ये, वाँग कार-वाय यांचा 'इन द मूड फॉर लव्ह' आला. १९६० च्या दशकातलं हाँगकाँग, शांघायहून आलेली माणसं, आणि मॅगी च्यूंग जवळजवळ प्रत्येक प्रसंगात नव्या छीपाओत. आमच्या दुकानात दोन महिने मासिकातलं कात्रण घेऊन मुली येत होत्या, "हीच कॉलर हवी." सीफू मान मोजायचे आणि निम्म्या जणींना नाही म्हणायचे. एवढी उंच कॉलर लांब मानेलाच शोभते, नाहीतर बाई बाटलीच्या बुचासारखी दिसते. पुढे २०२१ मध्ये हाँगकाँगच्या छीपाओ शिवणकामाची नोंद चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत झाली. सीफू तोवर गेले होते.

चीनमध्ये आज सगळ्यांना तो आपला वाटतो असंही नाही. २००३ मध्ये चंगचौ शहरात एक तरुण मांचूंच्या आधीच्या काळाच्या धाटणीचा हान पोशाख घालून रस्त्यात फिरला, तिथून 'हानफू'ची चळवळ जोर धरत गेली. त्यातले बरेच जण म्हणतात, छीपाओ मांचूंचा, आमचा नव्हे. माझ्यासारखीला यात काय बोलायचं! मात्र तुम्ही मैत्रिणीच्या आईच्या बोलावण्यावरून तो घालणार आहात, त्यामुळे 'परक्याने घालावा का' या वादात तुम्ही पडायचं कारण नाही. यजमानीण स्वतः म्हणतेय, विषय संपला.

राहिलं त्याचं आकर्षण. लोकांना वाटतं ते कटात आहे. कट ही चालण्याची सोय आहे. सरळ, अरुंद झग्यात पाऊल पडायला जागा नको का? आणि जुन्या शांघायमध्ये त्या कटातून उघडा पाय दिसत नसे, आतल्या परकराची लेस दिसत असे. चालताना पांढरी रेघ यायची आणि जायची. परकर गेला, कट वर सरकला, आणि पोशाखाची बदनामी झाली. माझ्या मते खरी जादू दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे कंबरेला आडवी शिवण नाही. कॉलरपासून घोट्यापर्यंत कापड कुठेही तुटत नाही, म्हणून पाच फुटांची बाईही उंच दिसते. एकच रेघ मोडते ती गळ्यापासून काखेकडे जाणारी तिरकी, आणि नजर नेमकी तिच्यावरून फिरते. दुसरी जागा कॉलर. ती हनुवटी वर ठेवते, पोक काढू देत नाही. गळा, छाती, पाठ सगळं झाकलेलं आणि तरी बाई देखणी दिसते, कारण ती नीट उभी राहिलेली असते. आपल्याकडे साडी रोज नव्याने नेसायची असते, दोन किलो वजन वाढलं तरी ती सांभाळून घेते. छीपाओ सांभाळून घेत नाही. तो एका अंगासाठी, त्या वर्षीच्या अंगासाठी शिवलेला असतो. सीफू म्हणूनच बगलेत दोन्हीकडे बोटभर माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे नाहीत.

आता तुमच्या ड्रेसकडे. काखेत आवळतो कारण मुंढा वर कापलाय आणि बाही अरुंद आहे. बगलेची शिवण उसवून बघा, माया असेल तर सोडा; नसेल तर काखेत त्याच कापडाची छोटी चौकोनी पट्टी लावून घ्या, हात खाली असताना दिसत नाही. कॉलर टोचते ती आतल्या प्लास्टिकमुळे. शिंप्याला सांगा, ते काढून खळ दिलेल्या सुती कापडाचे दोन पदर घाल, पुढचे कोपरे गोल कर, उंची अर्धा इंच उतरव. कट गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत टाके घालून बंद करा, आणि ट्रायल उभ्याने घेऊ नका. खुर्चीत बसा, वाका, जेवायला हात पुढे करा, मग बोला.  आत गुडघ्याखालपर्यंतचा लेसचा स्लिप घाला.

एवढं सगळं केलं तरी एक अडचण उरते. लग्नात लाल रंग नवरीचा. पाहुणीने तो घालू नये. पांढरा आणि काळाही नको, ते सुतकाचे. त्यामुळे परत पाठवता येत असेल तर हा लाल परत पाठवा आणि तेवढ्या पैशांत इथेच शिवून घ्या. कापड मी सुचवते: तनचोई. तीन पारशी भाऊ चीनला जाऊन तिथल्या 'चोई' नावाच्या उस्तादाकडे विणकाम शिकून सुरतेला आले आणि 'तीन चोई'चं तनचोई झालं, असं सांगतात. मोरपिशी किंवा जांभळं घ्या, जरीशिवायचं, खरं रेशीम. पन्हा ४४ इंच असेल तर अडीच मीटर पुरेल. कोपरापर्यंतच्या बाह्या अंगातच निघतील आणि मुंढ्याची कटकटच उरणार नाही. शिंप्याला वेळ दीड महिना द्या. कापड आधी पाण्यातून काढून सावलीत वाळवून न्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात कॉलर गळा धरेल.